वाऱ्यात हॅट टिकत नाही? दोरी आवळण्याआधी हे तपासा

माझ्या बाबांच्या तीन हॅट गोव्यातल्या मांडवी नदीत गेल्या. पहिली रायबंदरच्या धक्क्यावर, दुसरी चोडणच्या फेरीबोटीत आणि तिसरी कॉजवेवर चालताना. तिसऱ्या वेळी तर हनुवटीखाली दोरी बांधलेली होती. वारा समोरून आला, हॅट उलटून पाठीवर गेली, तिथे फुगली आणि दोरी गळ्याला काचली. बाबांनी घाईघाईने गाठ सोडली तशी हॅट कठड्यावरून सरळ पाण्यात. घरी आले तेव्हा गळ्यावर लाल वळ उठला होता. म्हणाले, "पुरे झाली ही हॅट. माझी जुनी टोपी बरी."

जुनी टोपी म्हणजे पुढे चोच असलेली, क्रिकेट खेळताना घालतात तशी. ती वाऱ्यात टिकते हे खरं, पण तिच्यात कान आणि मान उघडे राहतात. बाबांच्या उजव्या कानाच्या पाळीवर एक खरखरीत चट्टा बरेच महिने होता. त्वचेच्या डॉक्टरांनी तो तपासून सांगितलं की हे वर्षानुवर्षांच्या उन्हाचं आहे, यापुढे कानावर सावली पडलीच पाहिजे. निवृत्त झाल्यापासून बाबा रोज मासे धरायला गरी घेऊन नदीवर बसतात. त्यांना घरी बस म्हणायची माझी तयारी नव्हती आणि त्यांनीही ऐकलं नसतं. मग हॅट डोक्यावर राहील असं काहीतरी करणं एवढाच मार्ग उरला. एक अख्खा उन्हाळा त्यात गेला. जे चुकलं आणि जे जमलं ते सगळं लिहिते, कारण नदीवर, मिठागरात, बागायतीत किंवा किनाऱ्यावर उन्हात काम करणाऱ्या कितीतरी जणांनी याच कारणासाठी हॅट सोडून दिलेली मी पाहिली आहे.

वारा कुठला आणि कधीचा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून थंड हवा आत येते, तो खारा वारा. रात्री उलटं होतं, तो मतलई. गोव्यात उन्हाळ्यात हे अगदी घड्याळ लावल्यासारखं जाणवतं. सकाळी नऊपर्यंत पाणी आरशासारखं असतं, अकरा-बाराला झुळूक सुरू होते, दुपारी दोन ते चार वारा ऐन भरात असतो आणि सूर्य कलला की मावळतो. मांडवीचं मुख पश्चिमेला उघडं असल्यामुळे हा वारा नदीतून थेट आत शिरतो.

पणजीतलं पाटो ते रायबंदर हा जुना कॉजवे पोर्तुगिजांनी १६३३-३४ मध्ये बांधला. तीन किलोमीटरहून लांब, सरळ रस्ता. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला मिठागरांची सपाटी. वाऱ्याला अडवायला तिथे फारसं काही नाही. दुपारी तिथे हॅट टिकली तर ती गोव्यात कुठेही टिकेल, म्हणून आमच्या सगळ्या चाचण्या तिथेच झाल्या.

सकाळी लवकर जा म्हणजे ना ऊन ना वारा, असं कुणीही सांगेल, आणि शक्य असेल तर तेच करावं. पण गरी टाकणारा माणूस घड्याळ बघून जात नाही, भरती बघून जातो, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस बाबांची बैठक नेमकी दुपारच्या वाऱ्यात येते.

हॅट का उडते

आम्ही म्हणतो की वाऱ्याने टोपी ढकलली. खरं तर तो ती उचलतो. समोरून येणारा वारा कपाळाला आपटतो आणि वर वळताना काठाच्या खाली शिरतो. काठ म्हणजे डोक्याभोवती बाहेर आलेला सपाट भाग, तो होडीच्या शिडासारखं काम करू लागतो. पुढची कड आधी उठते, हॅट मागच्या काठावर टेकून उलटते आणि एकदा आतला पोकळ भाग वाऱ्याकडे झाला की ती हातात सापडत नाही.

मी थोडं गणित करून पाहिलं. बाबांच्या डोक्याचा घेर ५७ सेंमी, म्हणजे त्रिज्या साधारण ९ सेंमी. काठ साडेसात सेंमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंमीच्या आसपास भरतं. काठ १२ सेंमी केला की ते ११३० होतं, जवळजवळ दुप्पट. आता ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्याचा सगळा दाब त्या लहान काठाखाली लागला असं धरलं, तर उचल सुमारे ९० ग्रॅम वजनाएवढी येते. बाबांची गवती हॅट मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर ती ९५ ग्रॅम भरली. म्हणजे मध्यम झुळुकेतच हॅटचं वजन संपलं, पुढचं सगळं डोक्याच्या पकडीवर. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटरला हीच उचल ३७० ग्रॅमच्या घरात जाते. प्रत्यक्षात दाब काठभर सारखा लागत नाही, त्यामुळे हे आकडे वरच्या टोकाचे समजा, पण किती जोराशी आपली गाठ आहे हे त्यावरून कळतं.

काठाच्या रुंदीबद्दल माझं मत यातूनच पक्कं झालं. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाबद्दल फार जागरूकता आहे आणि तिथे मोठ्या माणसांना निदान साडेसात सेंमी काठाची हॅट घालायला सांगतात. उन्हासाठी एवढं पुरतं, मग वारा असलेल्या ठिकाणी त्याहून रुंद काठ घ्यायचं कारण नाही. किनाऱ्यावरच्या दुकानांत मिळतात त्या ताटाएवढ्या हॅट फोटोत छान दिसतात. नदीवर त्या घेऊन जाऊ नका.

आधी निदान: ती कशी उडते ते पाहा

एकदा हॅट मुद्दाम उडू द्या आणि नीट बघा. आम्ही हे घरीच केलं, टेबल फॅनसमोर. हातभर अंतरावर फॅन पूर्ण वेगात लावला, बाबा स्टुलावर बसले आणि एकेक बाजू वाऱ्याकडे करत गेले. नदीवर हॅट घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

हॅट सरळ वर उठून निघाली, तर ती डोक्याला सैल आहे. आधी माप दुरुस्त करा, दोरीचा विचार नंतर.

पुढून उठून पाठीवर उलटली, तर माप ठीक असेलही, पण दोरी चुकीच्या जागी आहे. बाजारातल्या बहुतेक हॅटना दोरी कानाच्या मागे किंवा अगदी कानावर ओवलेली असते. अशा दोरीला पुढच्या कडेला खाली ओढून धरता येत नाही. ती कितीही आवळली तरी हॅट मागे उलटणारच, फक्त आता ती तुमच्या गळ्याला लटकून उलटेल. बाबांच्या तिसऱ्या हॅटचं हेच झालं.

मागून उठून डोळ्यांवर आली, तर वारा पाठीकडून आहे आणि दोरी फार पुढे आहे. फेरीबोटीत हे हमखास होतं. धक्का सोडताना वारा तोंडावर असतो, मध्यावर बोट वळते तेव्हा तो बाजूने लागतो आणि चोडणला लागेपर्यंत पाठीवर येतो. पाच-सात मिनिटांत तिन्ही दिशा.

हॅट उडत नाही, नुसती डोक्यावर गोल फिरते, तर आतली पट्टी गुळगुळीत झाली आहे. केसांना तेल लावणाऱ्यांना हा त्रास जास्त.

माप

इथेच निम्मं काम होतं आणि इथेच लोक घाई करतात. शिवणकामाची टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वर एक बोट ठेवून, मागे डोक्याचा जो फुगवटा असतो त्याच्यावरून फिरवा. आलेला आकडा हॅटच्या आतल्या पट्टीवर मापून ताडून बघा. एक सेंमीचा फरकही वाऱ्याला पुरतो.

मग हॅट घालून, दोरी न बांधता, कमरेत वाका आणि मान जोरात हलवा. हॅट जागची हलता कामा नये आणि काढल्यावर कपाळावर खोल वळही दिसता कामा नये. दोन्ही जमलं की माप बरोबर.

सैल असेल तर आतली पट्टी उलटवा आणि तिच्या मागे भर घाला. जुन्या पद्धतीत वर्तमानपत्राची घडी घालून पट्टी करतात. ती चालते, पण आपल्याकडच्या घामाने आठवड्यात तिचा लगदा होतो. खिडकीच्या फटीला लावतात तो फोम टेप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चांगला. पण पूर्ण गोलाईत लावू नका. दोन्ही कानशिलांच्या थोडं पुढे चार-चार बोटं लांबीचे दोन तुकडे आणि मागच्या फुगवट्याखाली एक, एवढे पुरतात. तीन ठिकाणी नीट टेकलेली हॅट सगळीकडून थोडी थोडी टेकणाऱ्या हॅटपेक्षा पक्की बसते आणि मधल्या फटींतून हवा खेळते. गोल फिरणाऱ्या हॅटसाठी पट्टीवर जुन्या सुती बनियनची दोन बोटं रुंदीची पट्टी धावदोऱ्याने टाचा. तेलकट केसांवरही ती धरून राहते आणि उसवून धुता येते.

आता एक गोष्ट जी भर घालून सुधारत नाही. हॅटचा वरचा घुमटासारखा भाग उथळ असेल, म्हणजे पट्टी कपाळाच्या वरच्या भागावर, केसांच्या रेषेलाच टेकत असेल, तर ती हॅट वाऱ्याची नाहीच. पट्टी भुवईच्या वर साधारण दोन बोटांवर आणि मागे फुगवट्याच्या खाली गेली पाहिजे. डोक्याच्या फुगवट्याखाली गेलेली हॅट वर निघताना अडते, वर टेकलेली नुसती ठेवलेली असते. बाबांची दुसरी हॅट अशीच उथळ होती. मी तिच्यावर दोन संध्याकाळ शिवण घातली ती वाया गेली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चौथी हॅट घेताना मी आधी तिची खोली पाहिली, मग माप, मग काठ, आणि रंग शेवटी.

दोरी: चार ठिकाणी, दोन गाठींनी

सायकलच्या हेल्मेटचा पट्टा बघा. कानाच्या पुढून एक आणि मागून एक अशा दोन पट्ट्या येतात, कानाखाली मिळतात आणि तिथून एकच पट्टा हनुवटीखाली जातो. हॅटलाही हेच हवं. पुढची पट्टी मागे उलटू देत नाही, मागची डोळ्यांवर येऊ देत नाही.

मी परकराची सुती चपटी नाडी वापरली. नायलॉनची गोल दोरी काचते, घामाने सुळसुळीत होते आणि गाठ धरत नाही. इलॅस्टिक तर मुळीच नको: ते ताणलं जातं, म्हणजे वाऱ्याला हॅट उचलायला जागा देतं, आणि ऊन-घामाने एका हंगामात मरतं.

हॅट डोक्यावर ठेवून कानाच्या पुढे तीन बोटं आणि कानाच्या मागे दोन बोटं अशा जागांवर खडूने खूण करा, दोन्ही बाजूंना. म्हणजे चार खुणा. नाडीचे ३० सेंमीचे दोन तुकडे घ्या. प्रत्येक तुकड्याचं एक टोक पुढच्या खुणेवर आणि दुसरं मागच्या खुणेवर, आतल्या पट्टीच्या मुळाशी, जिथे काठ आणि घुमट जुळतात तिथे शिवा. काठाच्या कडेला शिवू नका. तिथे ओढ लागली की काठ दुमडतो आणि गवताची वेणी उसवते. गवती हॅट असेल तर शिवताना आतून रुपयाएवढा जाड कापडाचा तुकडा ठेवा आणि टाके त्याच्यातून काढा, नाहीतर दोरा गवत कापत जातो. दुहेरी दोरा, सहा-सात टाके, शेवटी उलटी टीप.

आता दोन्ही कानांखाली नाडीचा लोंबता झोळ तयार झाला. हनुवटीखालून जाणारा पट्टा या झोळाला जोडायचा. माझी चूक इथे झाली होती. मी तो पट्टा झोळातून नुसता ओवून सरकता ठेवला, वाटलं आपोआप जुळवून घेईल. फॅनसमोर बाबांची हॅट पहिल्यासारखीच मागे उलटली. मी वाकून बाजूने पाहिलं तर पट्टा झोळात हळूहळू मागे घसरत होता, पुढची बाजू लांब होत होती, मागची आखूड. म्हणजे चार ठिकाणी शिवूनही हॅट दोनच ठिकाणी धरलेली होती. मग झोळाच्या तळाला, कानाच्या पाळीच्या अगदी खाली, पट्टा घालून निरगाठ मारली. पुढची आणि मागची बाजू आपापल्या लांबीत पक्क्या झाल्या आणि हॅट थांबली. पूर्ण वेगातल्या फॅनसमोर बाबा तोंड फिरवत राहिले, समोरून, कानावरून, पाठीकडून. काठ थरथरत होता, हॅट जागेवर होती. मला इतका आनंद झाला की आईला ओट्यावरून बोलावून दाखवलं.

निरगाठ मारण्याआधी एकदा घालून बघा: पुढची आणि मागची बाजू सारखी ताणलेली हवी. एक ढिली राहिली तर त्या बाजूचा वारा पुन्हा हॅट उचलेल.

हनुवटीखाली मात्र कधीही निरगाठ नको. तिथे सुरगाठ, एका हाताने ओढली की सुटेल अशी. त्याहून बरं म्हणजे एक टिचबटण, जे झटका बसला की आपोआप उघडतं. हॅट फांदीत, दोरात किंवा बोटीच्या कठड्यात अडकली तर गळ्यापेक्षा बटण सुटलेलं चांगलं. लहान मुलांच्या हॅटना टिचबटणाशिवाय दोरी लावूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. पट्टा किती घट्ट? हनुवटी आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जायला हवीत आणि मोठा आ करता आला पाहिजे. माप बरोबर असेल तर दोरीवर एरवी ताण नसतोच, तो फक्त झोत आला तेव्हा येतो. दोरी सतत जाणवते आहे म्हणजे हॅट सैल आहे, परत मागच्या पायरीवर जा.

खाऱ्या हवेचं काय

विकतच्या दोरीवर प्लॅस्टिकचा दाबायचा स्टॉपर असतो. त्याच्या पोटात लोखंडी स्प्रिंग असते. आपल्या हवेत ती एका पावसाळ्यात गंजते. बाहेरून स्टॉपर ठीक दिसतो, दाबला की हलतोही, पण धरत नाही. बाबांच्या पहिल्या हॅटचा स्टॉपर नंतर मला डब्यात सापडला. उघडून पाहिला तर आत तपकिरी भुकटी. त्यामुळे मी स्टॉपर वापरत नाही. दोरी कमी-जास्त करायचीच असेल तर लाकडी मणी घ्या, ज्याच्या भोकातून दोन्ही पदर मुश्किलीने जातील असा. आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाला लावतात त्या धातूच्या कड्या, ठोकून घ्यायची असतील तर बॅग-चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडे पितळेची मागा. टिचबटणही पितळेचंच. नाडी दर आठ-पंधरा दिवसांनी गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवायची, मिठाने कडक झालेली नाडी कानामागे घासते. हॅट विकत घेताना एक काडी नखाने खरवडून बघा. गवत म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्वस्त हॅट कागदाच्या वेणीच्या असतात. पाण्याचे शिंतोडे बसले की त्यांचा काठ मऊ पडतो आणि फडफडायला लागतो.

केस लांब असतील तर

आईच्या हॅटचा प्रश्न फार लवकर सुटला. आतल्या पट्टीला पुढे एक आणि मागे एक असे दोन छोटे कंगवे, केसांत खोवतात ते, दात आतल्या बाजूला करून शिवले. अंबाडा घालणाऱ्यांना हॅटच्या मागून अंबाड्यात आरपार जाणारी लांब पिनही चालते, टोकाला टोपण मात्र हवं. आणि काहीच हाताशी नसेल तर ओढणी हॅटवरून घेऊन हनुवटीखाली बांधा. काठ दोन्ही बाजूंनी खाली दाबला जातो, वाऱ्याला आत शिरायला वाटच राहत नाही. दिसतं थोडं वेगळं, पण आजवर पाहिलेल्या सगळ्या उपायांत तात्पुरता म्हणून हा सर्वांत भरवशाचा. उकाडा होतो एवढंच.

पुरुषांना याच्या जवळचा उपाय म्हणजे आधी डोक्याला सुती पंचा गुंडाळून वर हॅट. सैल हॅट घट्ट होते, घाम टिपला जातो. उन्हात काम करणारी कितीतरी माणसं हे न शिकवता करतात.

हरवू नये म्हणून वेगळी दोरी

डोक्यावर टिकवणं आणि हरवू न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्यावर असाल तर दोन्ही हव्यात. जुन्या युरोपीय फेल्ट हॅटना यासाठी एक बारीक दोरी असे, घुमटाभोवती गुंडाळलेली, टोकाला लहान बटण. वारा वाढला की ते बटण कोटाच्या काजात अडकवायचं. हॅट डोक्यावरून निघाली तरी कोटाला लोंबत राही. आपण कोट घालत नाही, पण ऑफिसच्या ओळखपत्राला असते ती क्लिप सर्वांकडे पडलेली असते. हॅटच्या मागच्या बाजूला, आतल्या पट्टीलाच, हातभर नाडी शिवा, टोकाला ती क्लिप, आणि ती शर्टाच्या कॉलरला मागे लावा. गळ्याभोवती काहीच येत नाही. फेरीबोटीत मी हाच उपाय सर्वांना सांगते, कारण तिथे खरा धोका हॅट जाण्याचा नाही, तिच्यामागे कठड्यावरून झेपावण्याचा आहे. बाबांच्या दुसऱ्या हॅटच्या वेळी शेजारचे एक काका "चेपें, चेपें!" ओरडत अर्धे बाहेर वाकले होते. कोंकणीत हॅटला चेपें म्हणतात. त्यांच्या शर्टाला मागून कुणीतरी धरलं म्हणून बरं. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

काठाला वळण

काठाच्या कडेत तार असेल तर पुढचा भाग बोटभर खाली वळवून घ्या. खाली झुकलेल्या काठावर वारा वरून सरकतो, वर वळलेल्या काठात तो साठतो. समोरून झोत आला की हनुवटी थोडी खाली घ्या, त्यानेही तेच साधतं. बाबांनी ही सवय आपोआप लावून घेतली, गरीकडे बघताना मान खालीच असते. घुमटाला जाळी किंवा भोकं असलेली हॅट डोकं थंड ठेवते आणि आत कोंडलेल्या हवेला वाट देते, पण तिच्यामुळे हॅट उडायची थांबेल अशी अपेक्षा नको. जोर काठाखाली असतो.

हॅट कधी काढायची

ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्युफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याची एक मोजपट्टी मांडली, पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. त्यातल्या दोन खुणा मी बाबांना शिकवल्या. धूळ आणि सुटे कागद उडायला लागले म्हणजे वारा ताशी २० ते २८ किलोमीटर: आता बटण लावा. छत्री सावरणं कठीण झालं म्हणजे ३९ ते ४९: आता हॅट काढून पिशवीत, डोक्याला पंचा. एवढ्या वाऱ्यात हॅट धरून ठेवण्यात एक हात अडकतो आणि धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत.

स्कूटरवर हॅट नकोच, मागे बसणाऱ्यानेही नको, पाठीवर लटकवलेलीही नको. ताशी ४० चा तुमचा वेग आणि समोरून २० चा वारा म्हणजे ६०, साध्या २० च्या वाऱ्याच्या नऊपट जोर, आणि दोरी गळ्यात. दुचाकीवर हेल्मेट घालायचं. पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे बसून बाजाराला जातानाही हॅट मांडीवर, काठ दोन्ही हातांखाली. डिकीत कोंबली तर काठाला कायमची घडी पडते आणि ती घडी पुढच्या वाऱ्यात झडपेसारखी उठते.

मृगाचा पाऊस लागला की बाबांची हॅट आवरून ठेवतो. ओल्या कापडाने पुसून, दोन दिवस पंख्याखाली वाळवून, घुमट खाली आणि काठ वर अशी उलटी कपाटावर, उघड्यावर. खिळ्याला अडकवली तर घुमट लांबतो आणि बंद पेटीत बुरशी येते. फोमचे तुकडे काढून टाकायचे, ते दर वर्षी नवे.

ही चौथी हॅट दुसऱ्या उन्हाळ्यात आहे. बाबा दुपारच्या भरतीला चोडणच्या बोटीत डेकवर उभे राहतात, पूर्वी ते खाली सावलीत बसत. कानाची पाळी डॉक्टर दर सहा महिन्यांनी बघतात. काल नाडी धुताना लक्षात आलं की डाव्या कानामागचा टाका उसवत आला आहे. उद्या रविवार, सकाळी आधी तो घालायचा आहे. भरती साडेबाराची आहे.